ॲक्रिलिकच्या शिल्पाला काचेचा न्याय लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीच्या तोंडावर आणि पुन्हा दिवाळीआधी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत घरसफाईचे सल्ले येतात. त्यांत ‘काच व ॲक्रिलिकच्या वस्तू’ असा एकच मथळा असतो आणि त्याखाली स्पिरिट, काच पुसायचा निळा फवारा, वर्तमानपत्राचा बोळा अशी यादी. काचेला ती चालते. ॲक्रिलिकला यांतली एकही गोष्ट लावू नये. अलिबाग-मुरूडपासून गुहागर, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या घरांत, हॉटेलांत, शाळा-वाचनालयांत रंगीत ॲक्रिलिकची भौमितिक शिल्पे आता बऱ्याच ठिकाणी दिसतात. कुठे रंगांचे थर दिलेले घन, कुठे त्रिकोणी स्तंभ, कुठे एकात एक अडकवलेल्या चौकटी, कुठे छताला टांगलेली वर्तुळे. लोक हौसेने पैसे घालतात आणि दोन-तीन वर्षांत शिल्प धुरकट झाले की दोष खाऱ्या हवेला देतात. खाऱ्या हवेने ॲक्रिलिक गंजत नाही, कुजत नाही. ते बिघडते पुसणाऱ्या हाताने आणि घाईने केलेल्या जोडकामाने. या वस्तू कापणारे, जोडणारे आणि सांभाळणारे म्हणून आम्ही हे सविस्तर लिहीत आहोत.

ॲक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. १९३०च्या दशकात जर्मनीत ते प्लेक्सिग्लास आणि इंग्लंडमध्ये पर्स्पेक्स या नावांनी बाजारात आले. साधा पारदर्शक पत्रा सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार सोडतो, म्हणजे खिडकीच्या साध्या काचेहून किंचित जास्तच. त्यामुळे डोळा फसतो. पण घनता पाहा: दर घनसेंमीला काच साधारण २.५ ग्रॅम, ॲक्रिलिक १.१९. पृष्ठभाग काचेहून कितीतरी मऊ, वाळूचा कण सहज ओरखडा काढील इतका. तापले की ते काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावते. एक मीटर लांब पट्टी १० अंशांच्या फरकाने जवळजवळ ०.७ मिमी वाढते. ते पाणीही थोडे पिते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच्या अंगात ताण कोंडलेला असू शकतो. काचेसारख्या दिसणाऱ्या या वस्तूचा स्वभाव लाकडाच्या जवळचा आहे, असे धरून वागले तर बहुतेक चुका टळतात.

हा कोंडलेला ताण आधी समजून घेतला पाहिजे. लेझरने कापताना कडेचा पातळ थर वितळतो आणि झटकन थिजतो. कड चमकवण्यासाठी ज्योत फिरवली की पुन्हा तेच. बोथट ड्रिलने भोक पाडले तर भोकाभोवती, आणि स्क्रू जास्त आवळला तर त्याच्याखाली ताण बसतो. वरून काहीच दिसत नाही. मग एक दिवस त्यावर स्पिरिट, सॅनिटायझर, अमोनियाचा फवारा, नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन किंवा थिनर लागतो. द्रव पृष्ठभागातून आत शिरतो, प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्यांमधली पकड ढिली करतो आणि ताणलेला भाग सुटतो. केसासारख्या बारीक, उजेडात चांदीसारख्या चकाकणाऱ्या चिरांचे जाळे दिसू लागते. यालाच कारागीर क्रेझिंग म्हणतात. ते कड्यांपासून, भोकांपासून, जोडांपासून सुरू होते, कारण ताण तिथेच असतो. ॲसिटोन आणि थिनर तर ताण नसलेला भागही विरघळवतात. क्रेझिंग पॉलिशने जात नाही. चिरा आत खोल असतात. म्हणून ‘थोड्या स्पिरिटने काय होते’ याला उत्तर एवढेच, की ताण नसलेल्या पत्र्यावर कदाचित काही होणार नाही, पण आपल्या हातातल्या शिल्पात ताण आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

कळण्याचा एक घरगुती उपाय मात्र आहे. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करा, शिल्प त्याच्यासमोर धरा आणि पोलराइज्ड गॉगल घालून त्यातून पाहा. गॉगल हळूहळू फिरवा. पडदा काळोखा होईल त्या कोनात जिथे उजळ किंवा रंगीत पट्टे दिसतील तिथे ताण आहे. ॲक्रिलिकमध्ये हे पट्टे पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या पारदर्शक प्लास्टिकइतके ठळक उमटत नाहीत आणि गडद रंगांत तर दिसणे अवघडच, पण फिकट व पारदर्शक कामात भोकाभोवतीची फुलासारखी नक्षी स्पष्ट ओळखू येते. विकत घेण्यापूर्वी हे अवश्य पाहावे.

आता पुसण्याबद्दल. यात शॉर्टकट नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ आधी काढून ठेवावे. हाताला सॅनिटायझर लावला असेल तर हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. कॅमेऱ्यासाठी मिळतो तो रबरी फुगा दाबून कोपऱ्यांतली धूळ उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे थेंब पडतात. मग शिल्प भरीव असेल, लाकडी किंवा लोखंडी बैठक नसेल आणि थर सुटलेले नसतील, तर त्यावरून आधी नुसते स्वच्छ पाणी सोडावे आणि तोवर कापड लावू नये. बोअरचे पाणी किनाऱ्याजवळ बहुधा जड किंवा मचूळ असते; ते वाळल्यावर पांढरे डाग राहतात. शेवटचे पाणी तरी डिस्टिल्ड घ्यावे, बॅटरीसाठी मिळते तेही चालते. एक लिटर कोमट पाण्यात लोकरीच्या कपड्यांसाठीच्या सौम्य द्रव साबणाचे चार-पाच थेंब पुरे. त्यात भिजवून पिळलेले मायक्रोफायबर कापड, किंवा अनेकदा धुऊन मऊ झालेले सुती धोतर, एका दिशेने सरळ ओढावे. गोल गोल घासू नये. गोल ओरखडे कुठल्याही कोनातून चमकतात, सरळ ओरखडे तेवढे उठून दिसत नाहीत. कापडाची बाजू दर ओढीला बदलावी. साबण दोन वेळा साध्या पाण्याने काढावा आणि पाणी टिपून घ्यावे, घासून वाळवू नये.

कोरडे कापड मात्र कधीच नको. कोरडे घासले की ॲक्रिलिकवर स्थिर विद्युत साठते आणि तासाभरात शिल्प पूर्वीपेक्षा जास्त धूळ ओढते. डिसेंबर-जानेवारीत, पहाटेचे मतलई वारे कोरडे असतात तेव्हा, हा त्रास सर्वांत जाणवतो. ओलसर कापडाने शेवटचा हात फिरवला की तो बराच कमी होतो.

किनाऱ्यावर दोन गोष्टी वेगळ्या आहेत: मीठ आणि रेती. मिठाने ॲक्रिलिकला रासायनिक इजा होत नाही. पण खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारा थर कधी पुरता वाळत नाही. साधे मीठ हवेत साधारण ७५ टक्के आर्द्रता झाली की पाझरते, आणि समुद्राच्या मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड त्याहून फार कमी आर्द्रतेला. म्हणून पडवीत ठेवलेल्या शिल्पावर हाताला चिकट लागणारा पडदा असतो. तो धूळ धरून ठेवतो, आणि त्या धुळीत पुळणीची रेती असते, जांभ्याच्या चिऱ्यांचा लाल भुगा असतो. दोन्ही ॲक्रिलिकहून कठीण. हा चिकट थर कापडाने सरळ पुसणे म्हणजे सँडपेपर फिरवणे. रत्नागिरीकडच्या कातळावरच्या नव्या बंगल्यांत, जिथे आवारात अजून उघडी लाल माती आहे, तिथे शिल्प वर्षभरात धुरकट होते ते यानेच. दर पंधरा दिवसांनी नुसते पाणी ओतून थर विरघळवला, तर कापड तीन महिन्यांतून एकदा लावले तरी पुरते. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटर आत, वलाटीत, एवढी घाई लागत नाही.

बुरशीबद्दल गैरसमज आहे. आषाढ-श्रावणात शिल्पावर करडे ठिपके दिसले की लोकांना वाटते ॲक्रिलिक सडले. बुरशी ॲक्रिलिक खात नाही. बोटांचे तेल, धूळ, स्वयंपाकघरातली वाफाळ चिकटाई हे तिचे अन्न. पावसाळ्याआधी शिल्प नीट धुतले, बोटांचे ठसे काढले, भिंतीपासून पाच-सात सेंटीमीटर दूर ठेवले आणि हवा खेळती राहिली, तर बुरशी धरत नाही. चुकून धरलीच तर वरच्याच साबणपाण्याने निघते. ब्लीच, फिनाइल नको. कपाटात ठेवलेल्या शिल्पांजवळ डांबराच्या गोळ्याही ठेवू नयेत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडते, आणि मिश्र साहित्याच्या शिल्पात कुठला भाग कशाचा आहे हे नेहमी सांगता येत नाही. घर रंगवायला काढले तर ही शिल्पे त्या खोलीतून बाहेर न्यावीत आणि थिनरचा वास पुरता जाईपर्यंत परत आणू नयेत.

सपाट, मोठ्या पत्र्यांची अडचण वेगळी. भिंतीला टेकवलेल्या रंगीत फलकाची मागची बाजू ओल्या भिंतीचा दमटपणा पिते, पुढची बाजू पंख्याने कोरडी राहते. मागचा भाग किंचित फुगतो आणि फलक पुढच्या बाजूला आत वळून वाडग्यासारखा होतो. पाऊस ओसरल्यावर तो बराचसा सरळही होतो. अशा वेळी वजन ठेवून दाबू नये, भिंतीपासून सुटा करून उभा ठेवावा आणि वाट पाहावी. दरवर्षी पुन्हा होत असेल तर मागे १५ ते २० मिमीचे नायलॉनचे स्पेसर घालावेत.

रंगाचा विषय थोडा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण या शिल्पांचा जीवच रंग आहे. अपारदर्शक रंगात बहुधा रंगद्रव्याचे बारीक कण असतात आणि ते तुलनेने टिकाऊ. पारदर्शक रंग विरघळणाऱ्या रंगाने येतो. तो रंगानुसार कमी-जास्त टिकतो. सर्वांत नाजूक म्हणजे फ्लोरोसंट: पोपटी, केशरी, गुलाबी, ज्याची कड आतून पेटल्यासारखी दिसते. ती कड पेटते कशी? रंगाचा रेणू अतिनील आणि निळा प्रकाश शोषून लांब तरंगलांबीचा प्रकाश सोडतो. ॲक्रिलिकचा वक्रीभवनांक (प्रकाश किती वळतो त्याचे माप) १.४९, म्हणून पृष्ठभागाशी लंबापासून सुमारे ४२ अंशांहून जास्त कोनात आदळणारा प्रकाश बाहेर न पडता आतल्या आत परावर्तित होत कडेपर्यंत जातो आणि तिथे एकवटून निघतो. ज्या अतिनील किरणांवर ही जादू चालते तेच त्या रेणूला मोडतात. पश्चिमेच्या खिडकीत, समुद्राच्या चकाकीसमोर ठेवलेले फ्लोरोसंट शिल्प सर्वांत सुंदर दिसते आणि सर्वांत लवकर मरते. रंग गेला की परत आणता येत नाही.

संग्रहालयांत प्रकाशाला नाजूक वस्तूंसाठी ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) आणि मध्यम नाजूक वस्तूंसाठी २०० लक्स ही मर्यादा रूढ आहे. भर दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो. घरात ५० लक्सचा हट्ट कोणी धरू नये, पण फ्लोरोसंट आणि फिकट पारदर्शक कामे थेट उन्हाबाहेर, उत्तरेच्या भिंतीकडे किंवा माजघरात ठेवावीत, आणि उजेड हवा तेव्हा एलईडीचा द्यावा. हॅलोजन जवळ लावू नये. ॲक्रिलिक ८० अंशांपुढे सतत तापू देऊ नये आणि १०५ अंशांच्या आसपास ते मऊच होते.

उन्हाचा आणखी एक धोका क्वचितच कोणी सांगतो. भरीव गोळा, जाड दंडगोल, फुगीर पृष्ठभागाचा ठोकळा ही सगळी भिंगे आहेत. सकाळचे तिरपे ऊन त्यातून जाऊन पडद्यावर, पुस्तकांवर, गवताच्या चटईवर एकवटले तर पेट घेऊ शकते. खुद्द ॲक्रिलिकही जळते. देवघराशेजारी, समई-निरांजनाच्या किंवा उदबत्तीच्या वर झेपावणारी आरास ॲक्रिलिकची करू नये.

विकत घेताना काय पाहावे? या प्रकारच्या कामाची परंपरा लहान नाही. मूळचे रशियन शिल्पकार नाउम गाबो यांनी पारदर्शक प्लास्टिकमध्ये रचना केल्या. त्यांची सेल्युलोज नायट्रेट आणि सेल्युलोज ॲसिटेट या जुन्या प्लास्टिकमधली काही कामे काळाच्या ओघात विघटित झाली, ॲक्रिलिकमधली मात्र तुलनेने चांगली राहिली. अमेरिकी कलावंत डोनाल्ड जड यांनी धातूबरोबर रंगीत प्लेक्सिग्लास वापरला. १९३३ साली युगोस्लाव्हियात जन्मलेले आणि लॉस एंजेलिसला स्थायिक झालेले वासा मिहिच यांचे रंगीत थर एकमेकांत मिसळणारे घन आणि स्तंभ आज जगभर संग्रहात आहेत. अशा शिल्पाची सही बहुधा तळाला कोरलेली असते, सोबत वर्ष असते. ती उजेड तिरपा पाडून पाहावी, आणि पुढे कुणी पॉलिश करायला घेतले तर तळ पॉलिशवाल्याच्या हाती देऊ नये. बफिंगने, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चमकवल्याने, सही कायमची जाते.

जुनी वस्तू नक्की ॲक्रिलिकच आहे का, हे तापलेली सुई टोचून पाहण्याची पद्धत सोडून द्यावी. भौमितिक शिल्पाचा फायदा हा की घनफळ काढता येते. १५ सेंमीचा भरीव घन ३.३७५ लिटरचा, म्हणजे ॲक्रिलिकचा असेल तर सुमारे ४ किलो भरेल. काचेचा असेल तर सव्वाआठ-साडेआठ. पॉलिस्टर रेझिनची घनता ॲक्रिलिकच्या जवळच असते, तिथे वजनाने निर्णय होत नाही; पण रेझिन कालांतराने मधासारखे पिवळे पडते, पारदर्शक ॲक्रिलिक सहसा नाही. नाकाला व्हिनेगरसारखा वास आला तर ते सेल्युलोज ॲसिटेट समजावे आणि इतर वस्तूंपासून वेगळे ठेवावे, कारण त्यातून निघणारे आम्ल शेजाऱ्यांनाही बाधते. वजनाचा हिशेब ठेवण्याच्या जागेसाठीही करावा: ३० सेंमीचा भरीव घन ३२ किलोंचा असतो, नाजूक तिवईवर तो ठेवता येत नाही.

थरांच्या शिल्पात कडेपासून आत शिरणारा रुपेरी पंखा किंवा इंद्रधनुष्यी झाक दिसली, तर थर सुटू लागला आहे. सुईने गोंद सोडून तो भरायचा प्रयत्न सर्रास होतो. करू नका, गोंदातला द्रावक सुटलेल्या जागेच्या ताणात शिरून क्रेझिंग करतो आणि पोकळीची जागा पांढरी पडते. असे काम पाण्याने धुऊही नये, पाणी फटीत चढते. ओलसर कापडाने वरवर पुसावे, उन्हापासून दूर ठेवावे आणि प्लास्टिकचे काम जाणणाऱ्या संवर्धकालाच दाखवावे.

नवे काम स्थानिक कारागिराकडून करून घेणाऱ्यांसाठी सर्वांत मोलाचे चार प्रश्न असे. पत्रा कास्ट आहे की एक्स्ट्रुडेड? कास्ट घ्यावा, दोन काचांमध्ये ओतून बनवलेल्या पत्र्यात ताण कमी असतो आणि द्रावकाला तो जास्त तोंड देतो. एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्राच्या फटीतून दाबून काढलेला, स्वस्त पडतो आणि लेझरवर झटपट कापला जातो, पण जोडताना तडकतो. कापल्यावर, जोडण्याआधी, ॲनीलिंग केले का? म्हणजे पत्र्यावर चिकटवलेला संरक्षक मास्किंग पेपर काढून तुकडे ओव्हनमध्ये सुमारे ८० अंशांवर ठेवणे: किमान दोन तास, जाड कामाला सावध हिशेब दर मिलिमीटरला एक तास, आणि मग ओव्हन बंद करून दार न उघडता हळूहळू गार होऊ देणे. एवढे एक काम केले तर पुढच्या अर्ध्या तक्रारी उरत नाहीत. ज्योतीने पॉलिश केलेली कड जोडात घेतली आहे का? घेऊ नये, जोडाची कड रंधून किंवा पाणी घालून घासून सपाट करावी, पॉलिश फक्त उघड्या कडांना. आणि चौथा प्रश्न: जोड कोणत्या महिन्यात लावला?

हा चौथा प्रश्न खास कोकणचा आहे. आपल्याकडे जोड बहुधा क्लोरोफॉर्मने लावतात. सुईने तो दोन कडांच्या फटीत सोडला की केशाकर्षणाने आत पळतो, पृष्ठभाग मऊ करतो आणि उडून गेल्यावर दोन्ही तुकडे एक होतात. पण द्रावक उडताना जागा थंड पडते. जुलैत हवा ८५-९० टक्के आर्द्र असताना त्या थंड जागेवर दव धरते, पाणी जोडात अडकते आणि जोड दुधासारखा पांढरा आणि कमजोर होतो. रंगीत पारदर्शक शिल्पात ही पांढरी रेघ कशानेच लपत नाही. जून ते सप्टेंबर जोडकाम करायचेच तर वातानुकूलित, आर्द्रता ६० टक्क्यांखाली आणलेल्या खोलीत करावे. नाही तर गणपतीची घाई असली तरी ऑक्टोबरपर्यंत थांबावे. खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच, क्लोरोफॉर्मची वाफ यकृताला घातक आहे आणि कारागिरांत याबद्दल बेफिकिरी फार आहे. जोड चार तासांत हाताळता येतो, पण पूर्ण ताकद यायला दोन-तीन दिवस द्यावेत.

बसवण्यातल्या चुका थोडक्यात. भोक स्क्रूहून दीड-दोन मिमी मोठे, स्क्रूखाली नायलॉन वॉशर, आणि आवळून झाल्यावर पाव फेरा सैल, म्हणजे पत्र्याला फुगायला जागा राहते. भोक कडेपासून त्याच्या व्यासाच्या किमान दुप्पट आत. किनाऱ्यावर स्क्रू ३०४ नव्हे, ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे खाऱ्या हवेत ठिपके-ठिपके गंज सहजासहजी धरत नाही. लोखंडी स्क्रूचा गंज भोकाच्या बारीक चिरांत उतरला तर निघत नाही. खाली मऊ पीव्हीसीचा टेबलक्लॉथ किंवा काळी रबरी चकती ठेवू नये: पीव्हीसीतला तेलकट घटक ॲक्रिलिकमध्ये उतरतो, रबराचा तपकिरी डाग पडतो. फोमच्या पातळ पॉलिथिन शीटचा तुकडा सर्वांत निर्धोक. मांजर किंवा लहान मुले असलेल्या घरात चौथऱ्याला ५ मिमी खोल खाच पाडून शिल्प त्यात बसवावे.

टांगलेल्या रचना बहुतेक जण तंगुसावर, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यावर, लटकवतात. तंगूस दिसत नाही हे खरे, पण ऊन लागून तो ठिसूळ होतो आणि भोकाच्या कडेवर घासून तुटतो. दर मे महिन्यात तो बदलावा, किंवा ३१६ स्टीलची बारीक तार आणि भोकात नायलॉनची नळी वापरावी. ‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० ला आले, ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये. इशारा मिळाल्यावर टांगलेली शिल्पे उतरवून ठेवायला थोडाच वेळ असतो. म्हणून हूक असा असावा की एका माणसाला शिडीवरून सहज काढता येईल.

बांधाबांध करताना बबल रॅप थेट लावू नये. दाब आणि उष्णता मिळाली की फुग्यांची वर्तुळे पृष्ठभागावर उमटतात, आणि मे महिन्यात घाटातून जाणाऱ्या बंद गाडीत दोन्ही असतात. आधी मऊ, बिनछपाईचा पातळ कागद, मग पॉलिथिन फोम, मग बाहेर बबल रॅप. रंगीत कडांवर चिकटपट्टी लावू नये. नव्या पत्र्यावरचा मास्किंग पेपर ‘संरक्षण राहू दे’ म्हणून वर्षानुवर्षे ठेवणेही चूक. गोंद सुकून दगड होतो. तसे झालेच तर थोड्या केरोसिनने गोंद मऊ करावा, बोटाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढावा आणि लगेच साबणपाण्याने केरोसिन धुवावे. पेट्रोल किंवा थिनर नको.

ओरखड्यांबाबत सबुरी ठेवावी. नखाला न जाणवणारा ओरखडा प्लास्टिकसाठीच्या बारीक पॉलिशने निघतो; मऊ कापड, हलका हात, थंड पृष्ठभाग. टूथपेस्टचा सल्ला ऐकू नये, तिने चमक जाते. नखाला अडकणारा ओरखडा काढायला ८००, १०००, १५००, २००० नंबरचा पाणी-पेपर क्रमाने लावावा लागतो, मग पॉलिश. प्रत्येक टप्प्यात आधीच्या टप्प्याच्या रेषा पूर्ण गेल्या पाहिजेत. त्यात सपाट बाजू खोलगट होते आणि भौमितिक शिल्पाची धारदार कड गोल पडते. धार गेलेला घन हा घन राहत नाही, म्हणून बारीक ओरखडे तसेच राहू द्यावेत हे आमचे मत. दुकानात मोटारवर बफ करताना चाक एका जागी थांबले की पृष्ठभाग वितळतो, आणि पुन्हा ताण बसतो तो वेगळाच.

पुराचे पाणी शिरले, जसे चिपळुणात जुलै २०२१ मध्ये शिरले, तर गाळ ओला असतानाच धुऊन काढावा. वाळू देऊ नये, पुसू तर अजिबात नये. भरीव शिल्प बादलीत बुडवून ठेवले तरी काही तासांत त्याचे बिघडत नाही.

शेवटी एक विनंती सार्वजनिक कामे देणाऱ्यांना. नगरपरिषदा, ग्रामपंचायती, शाळा, वाचनालये चौकात किंवा प्रवेशद्वारी अशी शिल्पे बसवताना निविदेत फक्त ‘रंगीत ॲक्रिलिक, अमुक एमएम’ एवढेच लिहितात. त्यात पाच गोष्टी लिहाव्यात: कास्ट पत्रा, बाहेर लावायचे असल्यास अतिनील-स्थिर रंग आणि फ्लोरोसंट नाही, ॲनीलिंग केल्याची नोंद, तापमान आणि तासांसह, ३१६चे स्क्रू आणि मोठी भोके, आणि हस्तांतरणाच्या वेळी पुसण्याच्या सूचनांचा मराठीतला कागद, जो शिपायाच्या खोलीत लावता येईल. या कागदावर ‘स्पिरिट नाही, फवारा नाही, कोरडे फडके नाही, आधी पाणी’ हे सर्वांत वर मोठ्या अक्षरांत असावे.

आपल्या पुरवणीतही गणपतीआधीच्या सफाईच्या पानावर ॲक्रिलिकला काचेपासून वेगळा परिच्छेद मिळावा. जागा कमी असेल तर वरच्या कागदावरचे तेवढे शब्द छापले तरी चालतील.

कळावे,
आपले,
ॲक्रिलिक कामातले काही कारागीर व संग्राहक, रत्नागिरी